राखणदार बांधाबाहेर: दिवाडीच्या एका खाजनाचं प्रकरण

दत्तजयंतीच्या रात्री, पौर्णिमेच्या भरतीला आमच्या खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या खोलगट भातशेतांचा बांध फुटला. पहाटे कोणीतरी पाहिलं तेव्हा खिंडार दोन हातांचं होतं. गुडघाभर पाण्यातून ओलांडता आलं असतं. त्या दोन हातांचे वीस मीटर कसे झाले आणि ते बुजवताना आम्ही काय काय चुकलो, ते इथे मांडतो. मी त्या वेळी कूळ संघाचा, म्हणजे खाजन कसणाऱ्यांच्या संघटनेचा चिटणीस होतो, इतिवृत्ताची वही अजून माझ्याकडे आहे. वाड्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पुसायला एक-दोन तपशीलही बदललेत.

पार्श्वभूमी

दिवाडी हे गोव्यातल्या मांडवी नदीतलं बेट. एक फेरीबोट रायबंदरहून येते, दुसरी जुन्या गोव्याहून, तिसरी पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला जाते. पूल नाही. कोकण रेल्वेचा रूळ बेटावरून जातो, पण गाडी थांबत नाही. मधोमध पिएदादची टेकडी आणि तिच्यावर चर्च. टेकडी उतरलं की नदीपर्यंत सपाट शेतं पसरलेली, आणि यातली बरीचशी भरतीच्या पातळीच्या खाली. तीच खाजनं.

न पाहिलेल्याला खाजन समजावणं सोपं नाही. नदीच्या कडेने मातीचा बांध, नदीच्या अंगाला चिरे लावलेले. बांधात ठरावीक जागी ‘मानस’, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडपा मिटतात. सुकती (ओहोटी) लागली की आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नसते, आणि भांडणं सुरू होतात ती माणसाने हात लावला की. मानशीच्या आत जे पाणी साठतं ती ‘पोंय’. तिथे मासळी येते, सुंगटं (कोळंबी) येतात, आणि ती धरायचा हक्क दरवर्षी ‘पावणी’त, म्हणजे लिलावात जातो. शेती मात्र वर्षातून एकदाच. पावसाने मीठ धुवून काढलं की भात.

पूर्वी बांध राखायचं काम कोमुनिदादीचं, म्हणजे ‘गावकरी’ या गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेचं होतं. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याकडे गेली, आणि पुढे 1975 च्या नियमांनी बांधाची जबाबदारी कूळ संघावर आली. कागदावर हे न्याय्यच आहे. प्रत्यक्षात कूळ पणजीत नोकरीला, त्याचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात, आणि बांधावर खेकडे. तिवरांच्या मुळांशी खेकडा जे बीळ पाडतो ते वेळीच पायाने दाबून बुजवायला रोज कोणीतरी बांधावरून चालावं लागतं. आमच्याकडे ते चालणं बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी चिरे आधीच सैल केले होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा लाटा कमी झाल्या, पण निखळलेले चिरे परत कोणी बसवले नाहीत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यापाशी अडलं. मानशीपासून दोनेकशे पावलांवर, बांधाच्या आतल्या बाजूला जांभ्याचा एक दगड आहे, कमरेएवढा. तो राखणदाराचा. रात्री तो बांधावरून फिरतो, हातात दांडा, खांद्यावर कांबळ, आणि बांध कुठे पाझरत असेल तर मालकाच्या दारावर दांडा आपटतो, असं सांगतात. आमच्या लहानपणी हे सांगणारे हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. पेरणीआधी त्याला रोट, थोडा सोरो (दारू) आणि विडी. दगडाशेजारी कधीतरी कोणीतरी चुन्याचा छोटा खुरीस (क्रूस) उभारला, तेव्हापासून मेणबत्तीही लागते. या दोन्हींत कोणाला विसंगती दिसलेली मला आठवत नाही.

अडचण

बांध फुटला की पहिलं शत्रुत्व वेळेशी. भरतीला पाणी आत घुसतं, सुकतीला बाहेर ओढलं जातं, आणि दोन्ही वेळा खिंडाराच्या कडा खरवडल्या जातात. दिवसातून चार वेळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणून ओढ जास्त. अष्टमी-नवमीला पाणी मंद, त्याला भांग म्हणतात. त्यामुळे बांध बांधायचा तो अष्टमीच्या आगेमागेच, पंधरवड्यातून जेमतेम तीन-चार दिवस.

वाड्यावर एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना शापाय, म्हणजे आजोबा म्हणतात. बांधकामातले शेवटचे जाणकार. त्यांच्याकडे भरतीचं वेळापत्रक नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे सहा. आमच्याकडे त्यातून तासभर वजा करायचा, आणि खाडीत आत शिरलं की थोडा परत मिळवायचा. मी मोबाइलवर ताडून पाहिलं. चूक वीस मिनिटांच्या वर गेली नाही.

शापायनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की वद्य अष्टमीला, म्हणजे आठ दिवसांनी, पंचवीस माणसं द्या, बुजवतो. तोवर खिंडार वाढलं तरी चार-पाच मीटरांवर जाणार नाही.

ती अष्टमी नेमकी नाताळात आली.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीला तेवीस जण आले. वहीत तीन पर्याय लिहिलेले आहेत. एक, संबंधित सरकारी खात्याकडे अर्ज करून त्यांच्या खर्चाने बांध पक्का करून घेणं. दुसरा, वर्गणी काढून कंत्राटदाराकडून यंत्राने भरून घेणं. तिसरा, शापाय म्हणतात तसं हाताने, चिखलाने, याच अष्टमीला.

तिसऱ्याच्या बाजूने पाच हात वर झाले. माझा हात त्यात नव्हता. मला वाटलं, एकदा आपण पदरचे पैसे घालून बांधलं की खातं म्हणणार, ‘झालंय ना काम?’ आणि पक्क्या बांधाची संधी जाणार. हा विचार मूर्खपणाचा नव्हता. अशी उदाहरणं आम्ही ऐकली होती. पण त्यात एक गृहीत धरलेलं होतं की खिंडार आमच्यासाठी थांबेल. अर्ज गेला, पाहणी झाली, अंदाजपत्रक आणि निविदा मिळून काम पावसाळ्यानंतर सुरू होईल असं कळलं. तोवर नाताळ, नवं वर्ष आणि अमावास्येचं उधाण उलटून गेलं होतं. खिंडार बारा मीटर. आत भाताच्या खुंटांवर पांढरट साय धरू लागली होती.

हा पहिला निर्णयबिंदू, आणि माझ्या मते सगळ्यात महागडा. तात्पुरतं बुजवणं आणि कायमचं बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या बैठकीत कोणी बोललंच नाही. अर्ज करूनही आम्हाला पहिल्या अष्टमीला खिंडार बुजवता आलं असतं.

काय केलं

पौष शुद्ध अष्टमीला यंत्र आणलं. फेरीबोटीतून ते उतरताना पोरांनी शिट्ट्या मारल्या. बांधाच्या शंभर मीटर अलीकडे त्याची चाकं चिखलात बसली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघाली नाहीत. फळ्या, माडाचे ओंडके, शेवटी दुसरं यंत्र. भांगाचे दोन दिवस यंत्र काढण्यात गेले. उरलेल्या दोन दिवसांत घाईघाईने टेकडीची लाल माती टाकून खिंडार सरळ रेषेत भरलं. शापाय बांधावर बसून पाहत होते. एवढंच म्हणाले, ‘ही माती उदकाक वळखना.’ ही माती पाण्याला ओळखत नाही. पौर्णिमेच्या भरतीला ती सगळी दोन तासांत वाहून गेली, आणि जाताना आतल्या बाजूला पुरुषभर खोल कोंड, म्हणजे डोह पाडून गेली. खिंडार वीस मीटर.

कोंड पडल्यावर खेळ बदलला. खोल पाण्यावर चिखल उभा राहत नाही. आता सरळ रेषेत बांध घालणं शक्य नव्हतं. कोंडाला वळसा घालून घोड्याच्या नालेसारखा बांध घ्यायचा. बाहेरून वळसा घ्यायचा तर नदीत शिरावं लागणार आणि तिवरं तोडावी लागणार. ते कायद्याने चालत नाही, आणि उरलेल्या बांधाला जो काही आधार होता तो त्या तिवरांचाच. म्हणजे वळसा आतून. आतून घ्यायचा तर दोन अडथळे. एका कुटुंबाच्या शेताचा मोठा तुकडा बांधाबाहेर, नदीत जाणार. आणि राखणदाराचा दगडही.

शेताबद्दल भांडण होणार हे अपेक्षितच होतं. दोन वाड्यांमधल्या हद्दीच्या भांडणाची आठवण म्हणून जे बेट दर ऑगस्टात झेंडे मिरवून बोंदेरां साजरा करतं, तिथे हद्द म्हटल्यावर आवाज चढणारच. पण आवाज चढला तो दगडावरून. त्याला हलवायचा म्हटलं तर कोणी हात लावायला तयार नाही. बांध त्याच्या बाहेरून वाकवायचा म्हटलं तर रेषा थेट कोंडाच्या ओठावर येते. आणि तसाच बाहेर ठेवायचा म्हटलं तर, ‘जो राखतो त्यालाच बाहेर काढणार?’

तीन बैठका यात गेल्या. मी कागदावर कोंडाची खोली काढून दाखवली. एका इंजिनियर मुलाने उतार समजावला. कोणीतरी इतिहास काढला: आपल्या बेटाचे देव आधीच पाण्यापलीकडे गेलेत. सप्तकोटेश्वर इथलाच, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर पलीकडच्या नार्व्याला गेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधून घेतलं. इथला गणपती खांडोळ्याला गेला. मग एक दगड चार हात बाहेर गेला तर काय? या युक्तिवादाचा परिणाम उलटा झाला. एक बाई म्हणाली, ‘ते गेले ते पाडल्यामुळे. तुम्हीही तेच करणार?’

शेवटी बोलल्या त्या धक्क्याजवळच्या घरातल्या एक आजी. बैठकीला त्या दारातच उभ्या राहत, आत येऊन बसत नसत. म्हणाल्या, ‘राखणदार दारांत रावता, घरांत न्हय.’ राखणदार दारात असतो, घरात नाही.

खोली शांत झाली. पाच मिनिटांत ठराव झाला. तीन बैठका आकडे दाखवून जे हललं नाही ते एका वाक्याने हललं. मी त्यावर तेव्हा खूश होतो. आता थोडा कमी आहे, त्याचं कारण पुढे येईल.

प्रत्यक्ष काम पौष वद्य सप्तमीला सुरू झालं. पहाटे दगडापाशी रोट ठेवला, मेणबत्ती लावली. शापायनी चिखल कुठून घ्यायचा ते आधीच ठरवलं होतं: बांधापासून दूर, पोंयीच्या तळाचा, निळसर काळा. आधी त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकला, मग बोटांत वळून सुतळीसारखी वळकटी काढली. वळकटी तुटली नाही. फावड्याने चौकोनी ठोकळे तोडायचे, होडीत रचायचे, आणि खिंडारापाशी हातोहात पुढे द्यायचे. टाकायचे नाहीत, ठेवायचे, आणि प्रत्येक थरावर टाच रोवून चालायचं. दोन थरांमध्ये भाताचा पेंढा. दोन्ही बाजूंनी बांबूचे खुंट आणि त्यांना विणलेली माडाची झावळं. टेकडीचा एकही दगड आत घालू दिला नाही. चिरे फक्त शेवटी, नदीच्या अंगाला.

नालेचे दोन हात दोन्हीकडून वाढवत आणले आणि मधे तीन मीटरांचं दार सोडलं. पाण्याला जायला वाट हवी, नाहीतर ते आपली वाट काढतं. ते दार बंद करायला माघ शुद्ध नवमी उजाडली. मानशीच्या झडपा आधीच तपासल्या होत्या, म्हणजे आतलं पाणी तिथून निघेल. सुकती संपत आली तशी बत्तीस माणसं साखळीत उभी राहिली. निम्मे झारखंडचे मजूर, उरलेले आम्ही, त्यात बँकेतून रजा टाकून आलेले दोघे. भरती परत फिरायच्या आत तीन मीटर भरायचे होते. शेवटचा अर्धा मीटर भरताना पाणी घोट्याला लागलं होतं आणि शापाय पहिल्यांदाच ओरडत होते. अंधार पडला तेव्हा पाणी बांधाच्या बाहेरून वर चढत होतं आणि आत कोरडं होतं. दगड बाहेर, पाण्यात, खुरिसाच्या पायापर्यंत बुडालेला.

निष्पत्ती

बांध टिकला. पावसाळाभर त्यावर गवत लावलं, दोनदा चिखलाचा हात फिरवला.

शेताचं मात्र अर्धंच साधलं. दोन महिने खारं पाणी आत-बाहेर केलेल्या जमिनीतून मीठ एका पावसात जात नाही. जूनमध्ये पाणी साठवायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं, सुकतीला मानशीतून सोडायचं, असं आम्ही तीनदा केलं. वरच्या अंगाच्या शेतांत जमलं, कोंडाजवळच्या नाही. बियाणाचाही घोळ. खाऱ्या मातीत तगणारं कोरगुट वाड्यावर कोणाकडेच उरलं नव्हतं. बरीच वर्षं सगळे जास्त उताऱ्याचे वाण लावत होते. फेरीबोटीपलीकडे जुन्या गोव्यातच केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि तिथे कोरगुटातूनच निवडून काढलेले ‘गोवा धान’ वाण आहेत. आम्ही तिथे मेअखेरीस गेलो. फेब्रुवारीत गेलो असतो तर मातीही वेळेत तपासून झाली असती. शेवटी निम्म्याहून कमी जमिनीत लावणी झाली. दुसऱ्या वर्षी आणखी काही शेतं लागवडीखाली आली.

दुसऱ्याच वर्षी, मार्चमध्ये, खालच्या शेतांत परत खारं पाणी. बांध शाबूत होता. मानशीच्या झडपा मात्र रात्री दोरीने उघड्या बांधून ठेवलेल्या सापडल्या. भरतीबरोबर सुंगटं आत यावीत म्हणून. ज्याने पावणीत मानस घेतली होती त्याला विचारलं तर तो म्हणाला, पैसे मोजलेत, मासळी नको का? त्याचा करार मी काढून वाचला. झडपा कधी उघड्या ठेवायच्या आणि कधी नाही याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्या करारावर चिटणीस म्हणून सही माझी होती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली अष्टमी गमावणार नाही. खिंडार दिसल्यावर अर्ज नंतर, आधी बांबू आणि झावळं. त्यासाठी वाड्यावर साठ-सत्तर बांबू आणि पंचवीस माणसांचे फोन नंबर आधीच तयार हवेत. बांबू आता आहेत, देवळाच्या मांडवात. नंबरांच्या यादीतले सहा जण सध्या देशात नाहीत.

यंत्राबद्दल माझं मत काहींना टोकाचं वाटेल. कोरड्या, रुंद बांधावर ते उपयोगाचं आहे. मऊ खाजनात, भांगाच्या चार दिवसांत, तो जुगार आहे. आम्ही हरलो म्हणून म्हणत नाही. जिंकलो असतो तरी लाल माती पौर्णिमेला गेलीच असती.

आजींच्या वाक्याबद्दल. त्याने दगडाचा प्रश्न सोडवला, पण त्याच झटक्यात शेताचा प्रश्नही मिटल्यासारखा झाला. ज्या कुटुंबाचा तुकडा नदीत गेला त्यांचा मुलगा इंग्लंडातल्या स्विंडनहून फोनवर होता, स्पीकरवर. ठरावाला टाळ्या पडल्या तेव्हा तो काहीतरी बोलत होता. कोणाला ऐकू गेलं नाही. वहीत मी ‘सर्वानुमते’ लिहिलं. राखणदार बाहेर जायला तयार झाल्यावर यांनी नाही कसं म्हणायचं? त्यांना वरच्या अंगाला बदली तुकडा देण्याचं ठरलं, पण तोंडी. दोन वर्षं झाली, कागद झालेला नाही. शेताचा निर्णय दगडाच्या निर्णयापासून वेगळा करून, वेगळ्या दिवशी घ्यायला हवा होता, आणि भरपाई ठरावातच लिहायला हवी होती.

मानशीचं मूळ दुखणं तर आम्ही शेवटी पाहिलं. बांधाची जबाबदारी एकाची, मानशीचा पैसा दुसऱ्याचा, आणि खारं पाणी दोघांच्या मधून येतं. या वर्षीच्या पावणीच्या करारात तीन अटी घालायचा प्रस्ताव मी मांडलाय: झडपांची किल्ली संघाकडे, पेरणीआधी दोन महिने भरतीला झडपा बंद, आणि अट मोडली तर अनामत जप्त. त्यावर आक्षेप असा की मग बोली कमी लागेल, आणि बोलीच्याच पैशांतून बांधाची डागडुजी होते. आक्षेप खरा आहे. बैठक येत्या अष्टमीला ठेवलीय. पाणी मंद असतं, लोक घरी असतात.

शापाय आता बांधावर येत नाहीत, गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात मी त्यांना विचारलं की राखणदाराबद्दल तुम्ही तेव्हा एक शब्दही का बोलला नाहीत. म्हणाले, ‘म्हाका चिखल पळोवपाचो आसलो.’ मला चिखल बघायचा होता.